सरूबायने वेचू न दिलेली ओळ

मुंबईत कुलाब्याच्या मैदानावर कापसाच्या गाठींवर शाईचा छाप मारायचं माझं काम. त्या दिवशी वऱ्हाडच्या गाठी उतरत होत्या आणि गाठींबरोबर आलेला अमरावतीचा हमाल महादू माझ्याजवळ तंबाखू मळत बसला होता. मळता मळता म्हणाला, "अबे रयमान, तुमची सरूबाय गेली ना बे. दसऱ्याच्या आंधीच." माझ्या हातात कुंचला होता. तो मी गाठीवर टेकवला आणि तसाच धरून उभा राहिलो... शाई पसरली, मुकादम ओरडला, ते सगळं मागाहून कळलं. महादूला मी एकच गोष्ट विचारली. पण तो प्रश्न वाचणाऱ्यांना कळायचा तर आधीचं सांगायला हवं.

मी शिकलेला माणूस नाही. मराठी दुसरं पुस्तक अर्धं झालं आणि अब्बांनी मला शाळेतून उठवून मागावर बसवलं. तेव्हा चुकलंमाकलं असेल ते छापणाऱ्यांनी दुरुस्त करून घ्यावं. मोठ्या माणसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, सरूबायवर मी लिहिलं नाही तर कोणी लिहिणार नाही, म्हणून हे धाडस. आमच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. खानदेशाच्या बाजूला, एवढं पुरे. तिथं अजून आमची माणसं राहतात.

आम्ही मुसलमान विणकर. एका मिरवणुकीचा रस्ता कोणत्या गल्लीतून जावा यावरून बोलाचाली झाली आणि दुसऱ्या दिवशी आमची सगळी गल्ली जळाली. आलेल्यांत बाहेरगावचे होते तसे ओळखीचेही होते. ज्यांच्या घरच्या लग्नातली लुगडी अब्बांनी विणली होती, ते होते. अब्बा आम्हाला ओढ्यापर्यंत सोडून मागावरचं अर्धं कापड कापून आणायला परत गेले... ते आलेच नाहीत. अम्मा, धाकटी बहीण जुबेदा आणि मी, आम्ही पूर्वेला चालत सुटलो. अकोल्यात एका धर्मशाळेच्या ओसरीवर बसू दिलं, मग नाव विचारलं आणि उठवलं. आमच्यापेक्षा आमची बातमी पुढं चालत होती. तिकडून पळालेले लोक विहिरीत काहीबाही टाकतात, अशी ती बातमी. मी वीस वर्षांचा, मिशी फुटलेला पुरुष, पण कोणी नाव विचारलं की मी मान खाली घालायचो.

अमरावतीत तेव्हा कापसाचं वेड लागलं होतं. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. कुणबी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा बांधून बाजारात यायचे. कापूस उदंड आणि वेचायला हात नाहीत. त्या बाजारात एक उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं असलेली बाई मजूर शोधत फिरत होती. आमच्यासमोर येऊन थांबली.

"कोठचे?"

मी सांगितलं.

"नाव काय?"

मी अम्माकडे बघितलं, तिच्या डोळ्याला पदर होता.

"बरं, नाव मंग सांग. आंधी बोटं दाखव." मी हात पुढं केला. तिनं बोटं उलटीपालटी करून पाहिली, बैलाचे दात पाहावेत तशी. "विणकर हायेस. कापसाले जपशील. पण लय हळू वेचशील. ही माय का तुई? हिले काहून रडवून राहिला? चाला."

ही सरूबाय. अमरावतीहून कौंडण्यपुराकडे जाणाऱ्या वाटेवर तिची काळी जमीन होती. नवरा वारलेला, मूल नाही. धाकटा दीर गणपतराव बाजार बघायचा, शेत ती बघायची. शेतावर पोचेपर्यंत तिनं पुन्हा नाव विचारलं नाही. खोपटात सामान ठेवल्यावर मीच सांगितलं. "रहमान." ती म्हणाली, "रयमान. सोपं तं हाय. त्याच्यासाठी एवढा घाम काहून फुटला तुले?"

वऱ्हाडात वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. बाया शेतात सात खडे मांडतात, कुंकू लावतात, पहिल्या फुटलेल्या बोंडाचा कापूस वाहतात, दहीभात शिंपडतात, आणि उरलेला भात वेचणाऱ्यांना वाटतात. आम्ही लांब बांधावर उभे होतो. सरूबायनं पळसाच्या पानावर भात घेतला आणि आमच्याकडे आली. वरूनच तिघांच्या ओंजळीत टाकला. "खा," म्हणाली. अम्मा माझ्याकडे बघायला लागली, खावा की नाही, त्यांच्या देवाचा भात. सरूबायला ते कळलं. "शेताचा भात हाय, बाई. हा खाल्ला का माणूस शेताचं होते. वेचणी सरेपर्यंत त्याले कोणी उठवत नाई. उठवलं तं सीतामाय शेत सोडून जाते." अम्मानं खाल्ला. मग आम्ही दोघांनी खाल्ला. त्या भाताची चव मला अजून सांगता येईल. दही जरा आंबट होतं.

मी वाचणाऱ्यांपासून काही लपवत नाही. सरूबायनं आमच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. आमचा माठ वेगळा होता, आणि तो शेवटपर्यंत वेगळाच राहिला. तिचे नेम तिनं सोडले नाहीत. पण त्याच बाईनं पुढं जे केलं ते माठ एक असलेल्यांनीही माझ्यासाठी कुठं केलं नव्हतं.

पहिली वेचणी चालू होती. आठवड्याच्या बाजारात विहिरीची ती गोष्ट पोचली असावी. शेजारच्या गावची माणसं काठ्या घेऊन बांधावर आली. पुढं किसनजी होता, चांगला जमीनवाला, सरूबायच्या नवऱ्याचा जुना मित्र. जुबेदा पऱ्हाट्यांत खाली बसली. कपाशीची झाडं कमरेएवढी, लपणार ती काय. माझ्या कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, जणू तोच मागायला आले होते.

"वयनी, हे तिघं आमच्या हवाली करा," किसनजी म्हणाला. "तुमाले तरास नाई."

सरूबाय वेचता वेचताच बोलली, मागं वळली नाही. "तुमच्या शेतात सीतादही झालं का, किसनजी?"

"झालं ना."

"भात खाल्लेला माणूस मधातच उठवला कधी तुमी?"

किसनजीनं मागं बघितलं. मागचा एक जण म्हणाला, "यायले काय भात देता? हे कोण, आपण कोण."

"देल्ला म्या. खाल्ला यायनं. आता न्या उचलून." मग ती वळली. ओटी भरलेली होती, त्यामुळे गर्भार बाईसारखी दिसत होती. "पण मंग माह्या शेतातून सीतामाय निघाली तं बांध पाहून थांबन का? पयलं शेत तुमचंच लागते, किसनजी."

त्या साली कापूस म्हणजे सोनं होतं, आणि सगळ्यांच्या शेतांत बोंडं नुसती फुटून उभी होती. ती माणसं आपापल्या शेताच्या दिशेनं बघायला लागली. अखेर किसनजी म्हणाला, "ठीक हाय. वेचणी सरू द्या. मंग येतो." काठ्या घेऊन ते परत गेले. सरूबाय अम्माला म्हणाली, "विणकरीणबाई, हात काहून थांबला? कापूस काय आपल्या पायानं येते ओटीत?"

पण दिवस कोणासाठी थांबत नव्हते. दुसरी वेचणी झाली, तिसरी झाली. संध्याकाळी मी किती शेत उरलं ते बघायचो आणि मला जेवण जायचं नाही. वेचणी हळू करावी असं वाटायचं, आणि हळू केली तर बाय म्हणेल हा आळशी, असंही वाटायचं. शेवटच्या दिवशी रस्त्याकडची एक ओळ उरली. मी तिच्यात शिरणार, तोच बाय म्हणाली, "राहू दे ते."

"एकच ओळ आहे, बाय."

"म्हणूनच राहू दे. ते वेचली का वेचणी सरली. नाई वेचली तं चालूच हाय."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिथंच मातीत बसलो. दीर गणपतराव बाजारातून आला आणि फुटलेली ओळ बघून भडकला. "वयनी, पागल झाल्या का? गावात लोक सरकीसंग मातीतला कापूस वेचून राहिले आन् तुमी फुटलेला सोडून देता?" ती म्हणाली, "भावजी, गेल्या साली पाखरायनं खाल्लं तेवढंच हाय हे. समजा पाखरायनं खाल्लं."

आता जे झालं ते विणकराच्याच घरात होऊ शकतं. ओळ उभी राहिली, बोंडं उमलून कापूस लोंबायला लागला, वाऱ्यानं मातीत पडायला लागला. अम्माला आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं. ती मान हलवायची. पण आयुष्यभर सुताचा तुकडासुद्धा न टाकलेली बाई ती. एका सकाळी बाय, जुबेदा आणि मी रस्त्याकडच्या बाजूला गेलो तर अम्मा ओळीच्या टोकाशी उभी, ओटी भरलेली, आणि मागं सगळी ओळ रिकामी. थोडी झाडं तेवढी राहिली होती. "मातीत जात होता गं," ती एवढंच म्हणाली. "अल्ला बघत असतो."

बायनं कपाळावर हात मारला. "काय केलं हे, विणकरीणबाई. मले बरबाद केलं, तुले बी केलं." आणि रस्त्यावर धूळ दिसली. किसनजीची दमणी, त्याची छोटी बैलगाडी, येत होती.

मग जे आम्ही केलं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि भीतीही वाटते. बाय, अम्मा, जुबेदा आणि मी खाली बसून अम्माच्या ओटीतला कापूस परत बोंडांत खोचायला लागलो. वाळलेल्या बोंडाच्या टोकांना कापूस अडकतो, पण कसाही अडकतो. बाय शिव्या देत होती आणि खोचत होती. "तुमचं जलमभर सूत काढण्यात गेलं, आता घालून दाखवा." दमणी थांबली तेव्हा रस्त्याकडची झाडं भरली होती. आतली तशीच होती.

किसनजी उतरला. एकटाच होता. ओळीपाशी आला, वाकला, एका बोंडाकडे बघितलं. शेतकऱ्याची नजर ती. कापूस उलटा खोचलेला होता, सरकी बाहेर आलेली. त्यानं तो काढला, तळहातावर धरला. अम्माकडे बघितलं. तिच्या ओटीत अजून कापूस होता.

"वयनी," तो हळूच म्हणाला, "यंदा कापूस उलटा फुटला का?"

"यंदा हवाच उलटी हाय, किसनजी."

मग त्यानं ते बोंड पुन्हा भरलं. नीट, सरकी आत करून, जसं खरं फुटतं तसं. आम्हाला कोणालाच तसं जमलं नव्हतं. "म्हंजे वेचणी चालू हाय," तो म्हणाला आणि दमणीत जाऊन बसला. त्यानंतर काठी घेऊन त्या शेतात कोणी आलं नाही. त्यानं लोकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही.

उन्हाळ्यात सगळे पऱ्हाट्या उपटून जळणाला नेतात. बायनं ती एक ओळ उपटू दिली नाही. पाऊस आला, नवी पेरणी झाली, नवी बोंडं फुटली. नव्या सीतादह्याचा भात आम्ही खाल्ला तेव्हाच तिनं जुनी ओळ स्वतःच्या हातानं उपटली, आणि त्या साली दुसरी ओळ राखली. दर साली असं. लोक आधी हसायचे, मग विचारायचे, मग विचारेनासे झाले. लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, ज्यांनी चांदीच्या माळा केल्या त्यांनी त्या मोडल्या. बायची ओळ उभीच. जुबेदाचं लग्न अमरावतीत झालं. अकोल्याच्या पुढं जी रूळगाडी आली तिच्यात बसून मी पोटासाठी इकडे आलो. निघताना मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेऊन म्हणाली, "वेचणी सोडून चाल्ला, पोट्ट्या. रजा देतो, पण सुटका नाई." अम्मा तिथंच राहिली. अजून आहे.

मुंबईत मी अजून बोचकं बांधूनच झोपतो. दाराजवळ. रस्त्यानं मिरवणूक आली, मग ती कोणाचीही असो, वाजंत्री ऐकून मी ते बोचकं हातात घेतो. सोबतचे हसतात. इथं माणसं पुष्कळ भली आहेत, पण इथं मी कोणाच्या शेताचा भात खाल्लेला नाही. तरी एक सांगतो. कोणी नाव विचारलं तर आता मी सांगतो. आणि पुढं विचारलं, कुठला, तर वऱ्हाडचा म्हणतो, सरूबायच्या शेतावरचा. हे म्हणताना माझी मान ताठ होते. मोठमोठ्या सरदारांच्या पदरी राहिलेल्यांची होत असेल तशी.

तर महादूला मी विचारलं ते हे. "ओळ आहे का?"

बाय वेचणीच्या तोंडावर गेली होती. यंदा भात कोण देणार, ओळ कोण राखणार... अम्मा म्हातारी झाली आहे, आणि शेत आता गणपतरावांचं. त्यांनी कधी काही वाकडं केलं नाही, पण ओळीचा हिशेब त्यांना कधी पटला नव्हता.

महादूनं तंबाखू तोंडात टाकली. "गणपतरावायनं सीतादही केलं यंदा. तुमच्या मायले बोलावून भात देल्ला, ओंजळीत. मंग माणसायले सांगून देल्लं, रस्त्याकडची ओळ कोणी वेचायची नाई. म्या विचारलं बी, काहून मालक, आता काहून? तं म्हणे, वेचणी सरली असं वयनी म्हणून गेली नाई."

मी कुंचला शाईत बुडवला. अमरावतीच्या गाठी अजून पुष्कळ होत्या. तिकडचा सगळा कापूस माझ्या हाताखालून जहाजात जातो आणि विलायतेला पोचतो. किसनजीचा जातो, गणपतरावांचा जातो. छाप मारताना मला दर गाठीला एकच गोष्ट माहीत असते, की त्या ओळीचा कापूस हिच्यात नाही. तो वऱ्हाडात, रस्त्याच्या कडेला, झाडावरच आहे.