नवव्या मजल्यावरचं पाणी

बापू गेले. माझ्या मोबाईलमधला माणूस मात्र नवव्या मजल्यावर अजून जिवंत आहे.

बापू म्हणजे माझे आजोबा. बहात्तरच्या दुष्काळात परंड्याकडं मजूर सोसायटीतून विहिरी खणणारे.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले आणि दार लावून बसले.

तेव्हा मोबाईलवर रोगलाइक म्हणतात तसले गेम सापडले. आपला एक माणूस घेऊन भुयारात एकेक मजला खाली उतरायचं. मेलं की सगळं संपलं, आणि पुढच्या डावात भुयारही वेगळं.

मला त्याचं वेड लागलं. बापू शेजारी येऊन बसायचे.

"एवढी शिकलीस आन् दारातच मरतीस व्हय?"

"मरावंच लागतं बापू. मग परत पहिल्यापासून."

"मागचं काय उरतं?"

"काहीच नाही. फक्त आपल्याला कळलेलं."

"मंग लई उरतं की."

सोसायटीच्या तीन विहिरी कोरड्या गेल्या, तरी चौथीत पहिले उतरले ते बापूच.

चौथीला पाणी लागलं त्या दिवशी ते बार्शीच्या दवाखान्यात होते. सुरुंगाचा दगड गुडघ्यावर बसला होता.

"घरी आलो तर बाया पाणी शेंदत हुत्या. लागताना न्हाय बघितलं म्या."

एवढंच सांगायचे. दर वेळी एवढंच.

गेल्या महिन्यात आम्ही पहिल्यांदाच नवव्या मजल्यावर पोचलो. दार उघडलं, तर समोर निळंशार पाणी.

बापूंनी माझा हात धरला.

"लागलं. थांब आता."

"बापू, खाली अजून मजले आहेत."

"पाणी लागल्यावर वर यायचं असतं, येडे."

या गेममध्ये वर यायला रस्ताच नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही.

चार दिवसांनी त्यांना दम लागला. दवाखान्यात न्यायला गाडीत बसवताना म्हणाले, "त्या गड्याला तितंच ठिव. मी आल्यावर बघू."

आले नाहीत.

आज बापूंचा जलदान विधी झाला. पाहुणे गेल्यावर मी गेम उघडला.

हा गेम एकच डाव जपून ठेवतो. नवा सुरू केला की जुना पुसला जातो. खाली नेलं तर तो माणूस मरणार, हे मला माहीत आहे.

मी बोट लावलं नाही. आता लावणारही नाही.

इतकं आवडलेलं काही मी याआधी सोडलं नव्हतं.

तो पाण्याच्या काठावर उभा आहे.

बापू, या वेळी लागताना बघितलंत तुम्ही.

जयभीम. आता निवांत बसा.