शेजारी ठेवलेलं लाटणं

ती केस आठवली की मला आधी लाटणं आठवतं. मी शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण बेताचं, म्हणून सरळ लिहितो.

घाटकोपरला आमच्या ठाण्यात एक मालवणी म्हातारी आली. "साहेबांनू, शेजारच्या पोरीक तिचो घोव मारून टाकतलो एक दिवस."

नवरा-बायकोला बोलावलं. आमची पद्धत ठरलेली. दोघांना एका बाकावर बसवायचं, दम द्यायचा, समजूत घालून घरी धाडायचं. बाईचा डोळा सुजलेला. म्हणाली, "मोरीत घसरले." नवरा बाजूलाच पायावर पाय टाकून. उद्या परत या, म्हणून सोडलं.

जेवताना बायकोला सांगितलं, "म्हातारी काहीही बडबडते. म्हणे, पोरगी लाटणं माझ्याकडे ठेवते. चपात्यांना नेते, परत आणून देते."

बायको वाढता वाढता थांबली. "स्वतःचं लाटणं कोण शेजारी ठेवतं हो? आणि नवऱ्याला खेटून बसवून विचारलंत तिला? अक्कल कुठे होती?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बाहेर ठेवला. महिला हवालदार सोबत घेतली, बाईला चहा दिला आणि फक्त लाटण्याचं विचारलं.

चहा गार झाला तेव्हा बोलली. "तो वाईट नाही, साहेब. हाताला लागेल त्याने मारतो. म्हणून हाताला लागेल असं घरात ठेवत नाही. नंतर रडतो, जवळ घेतो. माझ्याशिवाय कोण आहे त्याला?"

"आणि तुला गं?" हवालदार म्हणाली.

मग ती रडली. जबाब झाला, गुन्हा नोंदवला, नवऱ्याला आत घेतला. ती मुलुंडला आईकडे गेली.

काही वर्षांनी मुलुंडच्या बाजारात तिनेच हाक मारली. अंगाने भरलेली, हातात मेथी. "साहेब, आता लाटणं माझ्याच घरात असतं." हसली. मग म्हणाली, "तेव्हा वाटायचं, संसार सांभाळतेय. नुसता मार चुकवत होते. अजून कधी त्याची आठवण येते, मग माझाच राग येतो."

"येऊ दे आठवण," म्हटलं. "परत गेली नाहीस ना, झालं."

छातीवरचा धोंडा उतरला. घरी जाऊन बायकोला सांगावं, असं मनात आलं; पण ती त्याआधीच वारली होती.

मार खाणारी बाई नवऱ्याला पाठीशी घालते, कारण तिच्या लेखी तोच संसार असतो. तिला वेगळं बसवा, घाई करू नका. एवढं मला ठाण्यात कोणी शिकवलं नाही, घरात शिकलो.

आमचं लाटणं ओट्याजवळ खिळ्याला आहे. मला चपात्या येत नाहीत. तरी ते तिथेच असतं.