पेरणीआधीची वाट

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या चार मुलींवर अन्याय झाला, तो गेल्या साली मृगाच्या पेरणीच्या दुसऱ्याच सकाळी. परवा चिंताकी गावाच्या रस्त्यानं जाताना रानात पेरणीची तिफण चाललेली दिसली आणि ते सगळं पुन्हा टोचलं. गेल्या सालच्या उन्हाळ्यात देवळाच्या गार फरशीवर गावाची बैठक होती. एकाच गाडीनं सगळ्या वस्त्यांवरच्या मुली घेऊन पहिल्या घंटेआधी शाळा कशी गाठायची, याचं गणित माझ्या वर्गमित्रानं कॉम्प्युटरवर नकाशा मांडून सोडवून आणलं होतं. मी हातानं काढलेली आखणी वहीतच राहिली. "ह्याला म्हणायचं डोकं! आमचा हा नुसत्या घोषणा द्यायलाय," गावातले म्हातारे अप्पा, मुलींच्या गाडीसाठी घोषणा देत फिरलेल्या माझ्याकडं बघून हसले. माझा नुसता जळफळाट झाला. त्याची गाडी ज्या वाटेनं ओढा ओलांडणार होती, ती वाट आमच्याकडं पेरणीपर्यंतच असते. ती रानातनं जाते, अन् मृगात रानाचा मालक तिथं तूर पेरतो. नकाशाला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. शेजारी बसलेला एकजण कुजबुजला, "कामून गप बसलास?" "होऊ दे त्याची फजिती," मी म्हणालो. पेरलेल्या रानापुढून गाडी मागं फिरली. नवी आखणी होईस्तोवर चौघी घरी बसल्या, त्यातली एक शाळेत परत आलीच न्हाई. तुमच्या गावात कुणी असा नकाशा मांडला, तर मांडणाऱ्यावर कितीही जळा, पण ठाऊक असलेलं तिथंच उठून बोला.