मासळीचं तू घे

“मासळीचं तू घे. तुमच्याच लोकायचं काम आहे. वास ओळखीचा राहील.”

साहेब बोलले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. चंद्रपूरच्या त्या ऑफिसात मी कोड लिहीत होतो. जातीने ढिवर. बाप गडचिरोलीकडे तलावावर जाळं टाकतो, माय बाजारात मासळी विकते. हे मी कधी लपवलं नव्हतं. त्या दिवशी ते माझ्या तोंडावर फेकलं गेलं.

ऑफिसची तीन सॉफ्टवेअर होती. धान गिरण्यांचं, सिमेंटच्या ट्रकांचं, मासेमारी संस्थांचं. लॉगिन, वजन, पावती, सगळा तोच कोड तिन्हींत चिकटवलेला. वजनातली चूक एका ठिकाणी दुरुस्त केली की दुसरीकडे राहून जायची, आणि शिव्या मला. शेवटी भांडून परवानगी घेतली. एकच वेब अॅप केलं. गिरणी, ट्रक, मासळी यांची वेगळी मॉड्यूल्स केली. सगळ्यांना लागतं ते बाहेर काढून मधे एका जागी ठेवलं. तिन्हींनी तेच वापरायचं. पावसाळाभर दुसरं काही केलं नाही.

ते चालू झालं आणि साहेबांनी वाटणी केली. मधलं स्वतःच्या जावयाला. मासळी मला.

“मधलं मी बांधलं, साहेब. काऊन काढून राह्यले माझ्याकडून?”

“अबे, ते सगळ्यायचं आहे. गिरणीवाले शेठ विचारतात, कोण पाहते म्हणून. तुझं नाव सांगू का?”

मी मायसोबत बाजारात वाढलेला, भाव करणारा माणूस. तोंडातून निघून गेलं, “नाव जावईबापूंचं सांगा. काम माझ्याकडे राहू द्या.”

म्हणालो आणि कान तापले. माझं नाव मीच विकायला काढलं होतं.

साहेब खूश. “पाहा, समजदार आहे आपला ढिवर.”

मी उठलो. “नाव लपवून नाई करत. नुसती मासळीही नाई घेत.”

“मग जा घरी. तलाव आहेच.”

दुपारपर्यंत माझा पासवर्ड बंद झाला.

आता काम नाही. चंद्रपूर केवढं? ज्या दारात जातो, तिथून आधी साहेबांना फोन जातो. खोलीचं भाडं थकलंय. माय फोनवर रडते. “मासळीचं तर मासळीचं, घे ना रे बापा. मासळीनंच वाढवलं ना तुले?”

“मले मासळीची लाज नाई, माय. पण ते मले तिथंच बांधून ठेवून राह्यले.”

तिला पटत नाही. एखाद्या दिवशी मलाही पटत नाही.

जुना कोड त्यांचा आहे, त्याला हात लावणार नाही. मित्राच्या लॅपटॉपवर पुन्हा शून्यापासून लिहायला घेतलंय, आणि सुरुवात मधल्यापासूनच केली आहे. अजून एकही गिऱ्हाईक नाही. उद्या मिळेल असंही नाही. फाइलच्या पहिल्या ओळीत माझं नाव आहे, आडनावासकट. ते खोडून मागणारा कितीही मोठा शेठ असो, त्याला विकणार नाही. उपाशी मेलो तरी नाही.