हॉट पिकअपचा हट्ट

"अण्णा, ह्याच्यापेक्षा हॉट पिकअप मिळत नाहीत काय?"

सुहासने काउंटरवर पिकअपचा नवाकोरा डबा ठेवला आणि माझं डोकं फिरलं. इथं कानडी मुलखात, शिवाजीनगरात माझं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. 'हॉट' हा शब्द मी दिवसभर ऐकतो. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. गिटारची तार थरथरली की पिकअप ती थरथर पकडतो आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, पाठवतो. गुंडाळी जास्त, तर सिग्नल जोरदार. त्यालाच पोरं हॉट म्हणतात.

सुहास मूळचा निपाणीचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, जे. पी. नगरला राहतो. शनिवारी त्याच्या बँडचा शो होता. ब्लूज रॉकचा आवाज आला नाही तर तुझ्या जागी दुसरा बघू, असं बँडवाल्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. रडकुंडीला आला होता बिचारा. नाहीतर मी त्याला तिथूनच वाटेला लावला असता.

"होतंय काय नेमकं?"

"हळू वाजवलं तरी ओरडतंय, अण्णा. सगळं एकसारखं."

"ओरडतंय, म्हणून तुला आणखी ओरडणारा पिकअप पाहिजे?"

"व्हिडिओत तसंच सांगितलंय की हो!"

व्हिडिओत! ब्लूज रॉकला मध्यम, खरं तर जरा सौम्यच पिकअप लागतो. जोर लावला की आवाज फाटला पाहिजे, हात हलका केला की स्वच्छ झाला पाहिजे. हॉट पिकअप अँपला सतत रेटत राहतो, मग हा फरकच उरत नाही. हे मी त्याला समजावलं. पुन्हा समजावलं. तो मान डोलवत होता आणि डबा माझ्याकडे सरकवत होता.

शेवटी मी त्याची गिटार उघडून बघितली. आतले पिकअप सौम्यच होते, या कामाला अगदी योग्य. मग हिला ओरडायला झालं काय? गिटार अँपला लावली आणि व्हॉल्यूमची नॉब कमी करायला गेलो. नॉब जागची हलेना. बुडाशी लाल-पिवळा थर वाळून घट्ट बसला होता.

"हे काय रे?"

"खंडेनवमीला आईनं पूजा केली. ओलं हळद-कुंकू होतं, पुसेल म्हणून मी नॉबला हात लावला नाही."

"तेव्हापासून?"

"होय."

"आणि नॉब कितीवर होती?"

"फुल्ल."

मी कपाळावर हात मारून घेतला. ब्लूज रॉक वाजवणारे अर्धी करामत याच नॉबवर करतात. गाण्याच्या मागे असताना आवाज थोडा खाली, सोलो आला की वर. ह्याची गिटार नवरात्रापासून एकसारखी गळा काढत होती आणि खापर पिकअपच्या डोक्यावर!

"स्वल्प बाजूला हो," मी म्हटलं. आतला व्हॉल्यूम कंट्रोल पार जाम झाला होता. तो काढून नवा टाकला. पिकअप तेच ठेवले.

सुहासने नॉब मध्यावर आणली आणि हलक्या हाताने वाजवलं. आवाज मऊ आला. मग जोर लावला, तसा कडेने छान फाटला. तो डोळे मिटून वाजवत राहिला. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

मग डोळे उघडून तो म्हणाला, "आता हे नवीन कधी बसवायचे?"

मी डबा त्याच्या बगलेत कोंबला आणि त्याला दाराबाहेर काढला.

शो झकास झाला. सुहास बँडमध्ये राहिला. सोमवारी दुकान उघडतो तर बँडमधला दुसरा गिटारवाला दारात उभा. "सर, सुहासला बसवलेत तसलेच हॉट पिकअप मला पाहिजेत."

मी आत जाऊन सुहासला फोन लावला. "काय सांगितलंस रे बँडला?"

"रागावू नका अण्णा," तो हळूच म्हणाला. "त्यांना कुंकवाचं कसं सांगणार?"

गिटार कशीही बिघडलेली असू दे, मी नीट करून देतो. तिच्याबद्दल मालक गावभर काय सांगत फिरतो, त्याची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.