खालाचं मुकं भांडं

कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे मला सगळ्यात शेवटी कळलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर स्क्रीनभर अम्मीचे मिस्ड कॉल. लावला तर भावाने उचलला आणि म्हणाला, "सना, खाला गेली." मी म्हटलं, "येडा आहेस का, सकाळी तिने मला फोटो पाठवलाय!" पाठवला होताच. तिच्या स्लो कुकरचा फोटो, लाल दिवा लागलेला. खाली एक अक्षर नाही, कारण टाइप करायचा तिला कंटाळा. त्याच्या मागे बायकांचा गलका ऐकू येत होता... आणि मग मला कळलं.

तिचं घर तळेगाव स्टेशनपासून चालत जाण्याइतकं. जिन्यात चपलांचा ढीग होता, पण त्याच्याही आधी मला वास आला. पाया सूपचा. मिरी, आलं, तमालपत्र, सगळा जिना भरून. आणि खरं सांगते, एक क्षणभर मला इतकं बरं वाटलं ना, की हे बघा, ही तर आत स्वयंपाकघरात आहे! ती बाहेरच्या खोलीत होती. पांढऱ्या चादरीखाली. आणि वास आतून येतच होता.

थांबा, आधी खाला कोण ते सांगते. जैनबखाला म्हणजे अम्मीची मोठी बहीण. पवना धरणाच्या बाजूच्या गावात वाढली, तिचा नवरा, म्हणजे माझे खालू, रेल्वेत म्हणून लग्नानंतर लोणावळ्यात आली. त्यांना मूल नाही, त्यामुळे मी अर्धी त्यांचीच. खाला साड्यांना फॉल-पिको करायची आणि मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची. मशीन बंद असलं तरी तशीच ओरडून. लोणावळ्याच्या बाजारात कोपऱ्यावर एक छोटं हॉटेल होतं, टुरिस्ट लोक तिकडे फिरकायचे नाहीत, ते आपले चिक्कीच्या दुकानांत. तिथलं पाया सूप हा खालाचा जीव. खालूंना सुट्टी मिळाली आणि मी राहायला गेलेली असले की आम्ही तिघं जायचो. सूप इतकं दाट, की दोन घोटांत ओठाला ओठ चिकटायचे. खालू लगेच म्हणायचे, "जैनब, अजून एक वाटी घे, घरी जाईपर्यंत जरा शांतता मिळेल." ती त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही, वेटरवर ओरडायची, "लिंबू आजून आन की रं, येवड्याशा फोडीनं काय हुतंय?" तो म्हणायचा, "मावशी, तुमच्यासाठी झाड लावावं लागेल दारात!" "मग लाव की! मी पानी घालाया यीन."

खालू रिटायर झाले, तळेगावला आले, आणि मधल्या काळात ते हॉटेल बंद पडलं. आता तिथेही चिक्की आणि फज. मग खालाचं हृदयाचं दुखणं निघालं आणि तिचं जेवण तुटलं. म्हणजे किती, तर तिच्या हातांच्या काड्या बघून मला भीती वाटायची. काय करून देऊ विचारलं की एकच. "त्ये कोपऱ्यावरचं सूप मिळालं तर प्येन." मी तर उडालेच, म्हटलं करूया ना! एवढंच ना! तिला गॅसपाशी उभं राहायला डॉक्टरांची मनाई, म्हणून मी ऑनलाइन विजेवर मंद शिजवणारा स्लो कुकर मागवला. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. आदल्या दिवशी मी भाजून तोडून आणलेले बकऱ्याचे पाय स्वच्छ धुऊन ठेवायचे, सकाळी तिने मसाला, पाणी घालून बटण लावायचं, की संध्याकाळपर्यंत तयार.

पण झालं एकदाही नाही. कारण खाला झाकण उघडायची. या कुकरची एकच अट असते, झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते आणि परत तापायला त्याला भयंकर वेळ लागतो. आणि ही खुर्ची टाकून शेजारीच बसलेली.

"खाला, झाकण!"

"बगतीया फकस्त."

"काचेचं आहे ना, वरून दिसतं!"

"वाफंत काय दिसतंय डोंबल? शिट्टी न्हाई, खदखद न्हाई. मुकं भांडं हाय ह्ये, सने. आत जितं हाय का मेलंय, उघडल्याबिगर कसं कळायचं?"

मग संध्याकाळी पातळ पाणी आणि हाडाला घट्ट धरून बसलेलं मांस. मी चिडायचे, जाम चिडायचे. ती अर्धी वाटी कशीबशी प्यायची आणि म्हणायची, "त्याची सर न्हाई, पन बरं हाय. फुडच्या येळंला हात न्हाई लावनार, आल्लाशप्पत." पुढच्या वेळी परत तेच. ती दिवसेंदिवस बारीक होत चाललेली आणि मला वाटायचं, एकदा, फक्त एकदाच जमू दे. एकदा ती पूर्ण वाटी पिऊ दे.

त्या दिवशी संध्याकाळी माणसं कब्रस्तानातून परत आली. आमच्यात मय्यतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारपाजारून येतं. समोरच्या काकू डाळ-भात घेऊन आत गेल्या आणि त्यांनाच तो लाल दिवा दिसला. अम्मी धावली. "या अल्ला, हे चालूच आहे! बंद कर सना, फेकून दे ते, आज या घरात काही शिजवत नाहीत." काकू हळूच म्हणाल्या, "अहो, पण ह्याला जाळ कुठाय? आणि हे तर तिनेच लावलेलं." मी बटणावर हात ठेवून उभी. बाहेरच्या खोलीतून खालूंचा आवाज आला, "सना. मला वाढ."

मी झाकण काढलं. सकाळपासून ते कुणी उघडलंच नव्हतं. मांस हाडावरून आपोआप सुटलेलं, वर सोनेरी थर... खालूंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. मी पण घेतला. आणि ओठ चिकटले. तेच होतं. अगदी तेच, कोपऱ्यावरचं.

खालूंनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "बटण लावलं आणि म्हणाली, जरा पडते. मी दोनदा डोकावलो. म्हटलं, झोपू दे. उठली की झाकण उघडणार. आज तरी होऊ दे तिचं सूप..." डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत गेल्या, उठवून काही झालं नसतं. अम्मीने सांगितलं, मीही सांगितलं. खालू सगळ्यांना मान हलवून हो म्हणतात. पण त्या दिवसापासून ते दुपारचे झोपत नाहीत आणि घरात कुणी झोपलं की त्याला उठवतात. मला उठवलंय, अम्मीला उठवलंय. "काही नाही, बघत होतो," एवढंच म्हणतात.

तो वास अजून पडद्यांना आहे. पडदे धुतले, तरी आहे. कंपनीत काचेवर काच टेकल्याचा आवाज झाला, झाकण ठेवल्यासारखा, तरी मी वळून बघते. आणि तो फोटो... तो मी रोज उघडते आणि रोज वाटतं, आता तो दिवा विझलेला दिसेल.

परवा चाळिसावा दिवस झाला. फातेहाला, म्हणजे दुवा मागताना, गेलेल्या माणसाच्या आवडीचं समोर ठेवतात. अम्मीने बिर्याणी सांगितली होती, खालू म्हणाले, "सूप पाहिजे." मी सकाळीच जाऊन सगळं घातलं, बटण लावलं आणि खालाच्या खुर्चीवर बसले. आवाज नाही, काही नाही. आज झाकण उघडणारं कुणी नव्हतं, ते बरोबर होणार हे मला माहिती होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती. तेवढ्यात खालू आत आले. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न आलेले खालू. त्यांनी सरळ झाकण उचललं.

"बघतो फक्त," म्हणाले.

चष्मा वाफेने पांढरा झाला, झाकणाचं पाणी त्यांच्या पायजम्यावर टपटपत होतं. त्यांनी वाकून भांड्याला कान लावला. "काही ऐकू येत नाही गं."

"नाही येत, खालू," मी म्हटलं. "राहू द्या उघडं जरा."

मग दिवसभर ते येत राहिले, उघडत राहिले. मी एकदाही ओरडले नाही. फातेहाला ठेवलं ते सूप एकदम पातळ होतं. मी ते आटवलं नाही.