मागे घेतलेली साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेशाआधी साक्ष देतात. देवाने ज्याला काही दिलं, कुठल्या संकटातून सोडवलं, त्याने उठून सगळ्यांसमोर ते सांगायचं. कुणाच्या मुलाला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागलेली असते, कुणाच्या सांगोल्याकडच्या रानात बोअरला पाणी लागलेलं असतं. ऐकणारे 'हल्लेलूया' म्हणतात. मी त्या वेळी पेटीवर बसलेला असतो आणि हलका सूर धरतो. वीस वर्षं हे काम केलं. दुसऱ्यांच्या साक्षी ऐकता ऐकता आपल्याकडेही सांगण्यासारखं काही असावं, अशी एक इच्छा मनात कधी धरली गेली, ते मला कळलं नाही.

मी चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो. आता बरंचसं संगणकावर होतं, पण माझा हात अजून ग्राफच्या कागदावरच चालतो. एक चौकोन चुकला की ती चूक प्रत्येक चादरीत विणली जाते, म्हणून मी सावध माणूस आहे असं सगळे समजतात. चर्चसाठी मी भजनंही लिहायचो. नाताळची, हंगामाच्या सणाची, लग्नाची. ती भजनं नीटनेटकी होती. चौकोनात रंग भरावा तसे त्यांत शब्द भरलेले होते. ती म्हणताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मला आठवत नाही, माझ्यासुद्धा.

त्या वर्षी उन्हाळा संपत असताना माझ्या बायकोच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं. तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली होती. तेवढ्यात आमच्या गल्लीतली घरसभा झाली, तिच्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना केली आणि दोन दिवसांत तिचं दुखणं थांबलं. गाठही लहान झाल्यासारखी वाटली. वाटली, एवढंच खरं. तपासणीचा दिवस मी पुढे ढकलला. मग महिन्याचा पहिला रविवार आला आणि मी पेटीवरून उठलो.

"प्रभूने माझ्या पत्नीला बरं केलं आहे," मी म्हणालो. "गाठ गेली."

असा हल्लेलूया मी आयुष्यात ऐकला नव्हता. बायको स्त्रियांच्या बाजूला खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती गवारी मोडत बसली होती. ती सांगोल्याची. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तिची बोली बदलली नाही आणि मी कधी बदलायला सांगितली नाही.

"अहो, गाठ हाय अजून."

"दुखतंय का?"

"दुखत न्हाय. पण हाय. मोठी झाल्यागत वाटती."

मी काय म्हणालो ते मी आज इथे लिहितो, कारण बरीच वर्षं मी ते स्वतःलाही थोडं बदलून सांगत असे. मी म्हणालो, "अगं, आपण साक्ष दिलीय. आता शंका घेतली तर लोक काय म्हणतील? विश्वास धर. आणि महिला मंडळात यातलं काही बोलू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली गवारी मोडली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. तिचं न बोलणं मी तिचा विश्वास समजलो. ती मला वाचवत होती.

नाताळला तिची धाकटी बहीण सांगोल्याहून फराळाला मदत करायला आली. न्हाणीत बहिणीच्या डोक्यावर पाणी घालताना तिला जे दिसायचं ते दिसलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात ओलेच होते.

"दाजी, हे कवापासनं हाय?"

मी म्हणालो, "प्रार्थना चालू आहे."

"प्रार्थना मी बी करते की! शेळीला गाठ आली तरी आमी डॉक्टरकडं नेतो. तुमची साक्ष मोठी का माझी बहीण मोठी?"

दुसऱ्या दिवशी बहीणच तिला घेऊन दवाखान्यात गेली. मी मागून गेलो. आजार हाडांत उतरला होता. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी का आला नाहीत?" बायको पटकन म्हणाली, "मीच भ्याले." मी ते तसंच राहू दिलं.

मंडळीत कळवायची वेळ आली तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली. हे हाडांचं वेगळं दुखणं आहे, असं सांगितलं. पहिली साक्ष तशीच उभी राहिली.

उपचार सुरू झाले. सलाईन चढत असताना मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसत असे. तिथे मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, तोच भरदार आवाज, "गाठ गेली." आत तिला उलट्या होत असायच्या आणि त्या मला बाहेर ऐकू यायच्या. एके दिवशी कारखान्यातून सरळ आलो होतो, खिशात ग्राफचा कागद होता. त्याच्या पाठीमागे मी लिहायला लागलो. चाल ठरवली नव्हती, सण ठरवला नव्हता.

हाक मारू कशी देवा, कंठ माझा खोटा झाला
ज्या मुखाने स्तुती केली, त्याच मुखे घात केला

तीन कडवी झाली. वीस वर्षांत मी जे लिहिलं त्यात खरं असं एवढंच. ते लिहीत असताना मी देवाशी पहिल्यांदा बोलत होतो, हेही तितकंच खरं. आधी मी त्याच्याविषयी बोलायचो. आता मी भीत होतो, त्याच्यावर चिडत होतो, आणि तो कुठेही गेला नव्हता. त्या बाकावर तो मला सोडून गेला असता तर बरं, असं वाटावं इतका तो जवळ होता.

पण लिहून झाल्यावर कागद वाचताना माझ्या मनात आलं, चांगलं जमलंय. आत बायको ओकत होती.

आमच्या पाळकांनी ते भजन वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "हे उत्तम शुक्रवारी व्हायलाच हवं. फक्त एक करा. शेवटी स्तुतीचं कडवं घाला. लोक घरी जाताना काय घेऊन जातील हो?"

आमच्या भजनांची तशी रीत आहे. दुःखाचं भजनही शेवटी उपकार मानून संपतं. मी एका संध्याकाळी चौथं कडवं लिहिलं. ते सहज झालं. तसली कडवी मला नेहमीच सहज व्हायची.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी मी ते भजन म्हटलं. सगळं चर्च रडत होतं. कुणालाही त्यातला कबुलीजबाब कळला नाही. आपण सगळेच पापी, असा अर्थ प्रत्येकाने लावून घेतला. गाण्यात पाप कबूल करणं सोपं असतं, ऐकणारे त्याला काव्य समजतात. बाहेर आल्यावर एक वडीलधारे गृहस्थ माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "भाऊ, सलाम. देवाने तुम्हाला हे दुःख दिलं ते या भजनासाठीच दिलं." मला बरं वाटलं. सबंध घराच्या वाटेवर मला बरं वाटत होतं.

घरी बायको खाटेवर टेकून बसली होती. तिला मी ते वाक्य सांगितलं. कसं सांगावंसं वाटलं, कोण जाणे.

"म्हंजी मी भजनासाठी आजारी पडले व्हय?" ती हसली आणि हसताना बरगड्या धरून बसली. "आधी सांगायचं की. चार-पाच भजनं करून घेतली असती."

मी तिच्या पायाशी बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भजन लई चांगलं हाय. शेवटचं कडवं सोडून."

"का?"

"ते तुमच्या साक्षीसारखं हाय."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. महिला मंडळात एक विडी वळणारी बाई आहे. तिच्या घरी तेलुगू बोलतात, पण ती आमच्या मंडळीत येते. ती आदल्या दिवशी बायकोला भेटायला आली होती. तिच्याही छातीत चार महिन्यांपासून गाठ होती आणि ती डॉक्टरकडे जात नव्हती.

"मी म्हणलं, आजच्या आज जा. तर म्हणती, अक्का, तुला देवानं बरं केलं होतं की. मला बी करंल. मी म्हणलं, अगं मी बरी न्हाय झाले. तर म्हणती, तुझा विश्वास मागनं कमी पडला म्हणून दुसरं दुखणं आलं." बायको थांबली. तिला दम लागला होता. "माझं ती ऐकत न्हाय. साक्ष तुमी दिली हाय. तुमीच सांगा."

"मी तिला भेटून सांगतो."

"नुसतं तिला न्हाय. तिच्यागत आणखी किती असतील, तुमाला ठाव हाय का? जितं दिली तितंच परत घ्या."

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, आला. मी उठलो नाही. एवढ्या आनंदाच्या दिवशी असं कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर ती माझ्या तोंडाकडे पाहून भिंतीकडे वळली. तो आठवडा मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. ग्राफवर एक सरळ काठ काढता येत नव्हता. दर तासाला त्या बाईची गाठ वाढत असेल, असं वाटायचं. एकीला मी मारतच होतो. आता दुसरी.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. साक्षीची वेळ झाली आणि मी पेटीवरून उठलो.

"गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी दिलेली साक्ष खोटी होती. गाठ गेली नव्हती. आम्ही तपासणी केली नव्हती. माझ्या पत्नीने मला सांगितलं होतं आणि मी तिला गप्प केलं. तिचं हे दुखणं वेगळं नाही, तेच आहे. कुणाला गाठ असेल तर प्रार्थना करा आणि आजच डॉक्टरकडे जा."

साक्षीनंतर काय म्हणायचं ते सगळ्यांना माहीत असतं. साक्ष मागे घेतल्यावर काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. पंखे फिरत राहिले. मग तेच वडीलधारे गृहस्थ मायेने म्हणाले, "बसा भाऊ, बसा. दुःखात माणूस काहीही बोलतो." दोघा-तिघांनी माना हलवल्या. पाळकांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. मी बसलो आणि त्या गीताचा सूर दिला.

घरी गेल्याबरोबर बायकोने विचारलं, "ती होती का?"

मी स्त्रियांच्या बाजूला पाहिलं होतं. ती आलेली नव्हती.

"मग कुणाला सांगितलं?"

मी चपला काढल्याच नव्हत्या. तसाच त्या बाईच्या घरी गेलो. दारात ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"अण्णा, देवाच्या घरात उभं राहून बोललात ना तुम्ही?"

"हो."

"आणि खोटं?"

"हो."

ती मला तेलुगूत काहीतरी बोलली. अर्थ विचारायची गरज नव्हती. मग सूप बाजूला ठेवून, पदर खोचून ती माझ्यापुढे चालत आमच्या घरी आली. तिला माझ्या तोंडून खरं पटत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

बायकोने तिला खाटेवर जवळ बसवलं. तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. मी दाराकडे तोंड केलं.

"असं लागतं का तुझं?" बायकोने विचारलं.

"नाही अक्का. माझं लहान आहे. सुपारीएवढं."

"मग माझं बी तेवढंच होतं."

ती बाई रडायला लागली, मोठ्याने, तिच्या भाषेत. मी दारात उभा राहून प्रार्थना केली. बायकोला बरं कर, असं म्हणालो नाही. ते म्हणायचं धाडस नव्हतं. या बाईला डॉक्टरकडे जाऊ दे, एवढंच म्हणालो. प्रार्थनेत मला स्वतःसाठी काहीच नको होतं, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला आणि तिच्या सुनेला घेऊन मी दवाखान्यात गेलो. त्याच बाकावर बसलो. तुकडा काढला, आठ दिवसांनी या म्हणाले. घरी येऊन बायकोला सांगितलं. त्यानंतर ती रोज सकाळी रिपोर्टला किती दिवस राहिले ते विचारायची.

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. तिची बहीण उशाशी होती. मी हात धरला होता. क्षमा मागायची राहिली नव्हती. रोज मागत होतो, आणि ती रोज "असू द्या" म्हणत होती. पण ती "माफ केलं" असं कधी म्हणाली नाही. तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही, हे घेऊनच मला जगायचं आहे.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी मी त्या बाईबरोबर रिपोर्ट आणायला गेलो. सुनेला सुट्टी नव्हती. आजार निघालाच होता. पण डॉक्टरांनी कागद पाहून, बाईला तपासून सांगितलं, "ऑपरेशन होईल. वेळेत आलात."

बाईला रिक्षात बसवून दिलं आणि मी घराकडे निघालो. भराभर चालत होतो. वेळेत आलात, वेळेत आलात, हेच तोंडात होतं. कधी एकदा बायकोला सांगतो असं झालं होतं. चौक ओलांडून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी जागच्या जागी थांबलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. तिथेच, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मध्ये उभा राहून मी ते प्रभूला सांगितलं, मोठ्याने, शब्द न बदलता. सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.